नळ आला की घंटी वाजते

अहो वहिनी, जरा इकडं कुंपणाशी या. ऐकलंत का? मागच्या गल्लीतली ती तिघं हो, दोन पोरी अन् तो कायम ढोपर फोडून घेणारा... तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिली आली! कशात म्हणता? नळाच्या घंटीत!

आता आपला नळ तुम्हाला काय सांगायचा. येलदरी धरण काठोकाठ भरलं तरी तो येणार आपल्या मर्जीनं, तेही रात्री दोनला. एकीची आजी तीन रात्री ओट्यावर जागत बसली, चौथ्या रात्री डोळा लागला अन् नेमकं पाणी येऊन गेलं. झालं! नात पेटली. नळाखाली डबा, डब्यात जवळजवळ सोडलेल्या तांब्याच्या दोन तारा. पाण्यानं तारा जोडल्या की ट्रान्झिस्टर जागा होतो अन् बझर बोंबलतो. बझर कुठला? मोडक्या खेळण्यातला!

पहिल्या रात्री काय मजा... डबा धुतला होता, ओल राहिली अन् तीन वाजता घंटी! अख्खी गल्ली हंडे घेऊन बाहेर, नळ मात्र ठणठणीत कोरडा. मग पोरांनी तारा तळापासून बोटभर वर उचलल्या.

तर काय सांगत होते... हां, प्रदर्शन. पलीकडच्या बंगलेवाल्या, नाव नको बाई घ्यायला, त्यांच्या चिरंजीवांचा ज्वालामुखी. रेडीमेड, लायटिंगसकट! परीक्षकांनी विचारलं, ‘बाळा, ही वायर कशाला?’ बाळ बघतोय आईकडं, आई बघतेय दुकानदाराच्या चिठ्ठीकडं. चेहरा असा उतरला म्हणता! इकडं या तिघांना विचारलं, ‘कधी फसलं का?’ तर तिघं एकदमच सुरू, हंड्यांसकट. परीक्षकांना हसू आवरेना.

माझी भाची नाही का अमेरिकेत? तिकडं पोरांच्या टीमांची ‘ओडिसी ऑफ द माइंड’ स्पर्धा असते, 1978 पासूनची. एका टीमात सातपर्यंत पोरं. मोठ्यांनी मदत केली की मार्क कापतात! भाची म्हणे, ‘मावशी, लेक खिळा वाकडा ठोकत होता अन् मी हात मागं बांधून उभी.’ आपल्याकडं 13 ऑक्टोबर 2025 ला देशभर एकाच दिवशी शाळांचं बिल्डाथॉन झालं, पोरांनी स्वतः काहीतरी बनवायचं, तेही टीमांनीच. अन् ती सरकारची इन्स्पायर मानक योजना, त्यात आयडिया निवडली की 10 हजार रुपये थेट पोराच्या खात्यावर. आजीला कुणीतरी हे दहा हजारांचं सांगितलंय, तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ऐकवतेय!

अन् खरी गंमत तर पुढंच. बंगलेवाल्या काल स्वतः आल्या, पेढे घेऊन. ‘आमच्या बाळाला तुमच्या टीममध्ये घ्या की गं.’ नात काय म्हणाली ठाऊक आहे? ‘घेऊ की काकू. पण तुम्ही बाहेर बसायचं.’

अन् बसल्या हो! ओट्यावर, आजीच्या शेजारी. आतून सोल्डरिंगचा वास आला की त्या उठतात, अन् आजी पदर ओढून पुन्हा खाली बसवते...