जागा नाही, पुढे चला

फैजपुरात लॅपटॉपचं अपडेट मध्येच अडकलं की निकाल ठरलेला: लाइट गेली असेल, नाहीतर मालकानेच बटण दाबलं असेल. मग १९ जुलै २०२४ ला कुणाची लाइट गेली होती? क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. उपाय? सेफ मोडमध्ये शिरून अपडेटची ती सदोष फाइल हाताने पुसा! सुरक्षेसाठी अपडेट हवंच, हे कबूल. पण म्हणून बिघाडाचं कारण लपवायलाच हवं का? घरच्या लॅपटॉपवर विंडोजचं अपडेट फसलं, की बराच वेळ गोल फिरवून, केलेले बदल मागे घेऊन, यंत्र तोंडावर फेकतं ‘०एक्स८००७००७०’. अर्थ एवढाच, की डिस्कवर जागा नाही. हे तर रावेरच्या एसटीचा कंडक्टरही दारातच सांगतो, तेही गाडी सुटण्याआधी.