यावर काहीतरी करता येईल

ताप आला म्हणून दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरकाका तपासायच्या टेबलाखाली आडवे. बाहेर दिसत होत्या फक्त चपला. "तो दहाचा पाना दे रे," आतून आवाज आला. मी दिला. तापाचं नंतर.

टेबल उंच होतं. म्हाताऱ्या त्यावर धापा टाकत चढायच्या आणि पडल्या पडल्या बीपी चढलेलं यायचं. "पाच मिनिटं स्वस्थ बसवल्याशिवाय बीपी घेऊ नये म्हणतात. आणि आपण आजीला गड चढायला लावतो! इतकी वर्षं मी आजीचं नाही, या टेबलाचं बीपी मोजत होतो." टेबलाचे पाय कापले. आता आज्या आरामात चढतात, आणि काकांचीच पाठ धरते.

"यावर काहीतरी करता येईल," हे त्यांचं पालुपद. ते कानावर आलं की काकू स्वयंपाकघरात धावतात आणि हाताला लागेल ते कपाटात टाकतात. गाळणं, बरणीची झाकणं आणि एक अख्खा माठ असाच विज्ञानाला गेला. माठाबद्दल मात्र काकूंची तक्रार नाही. ज्यांच्या घरी फ्रिज नाही, त्यांनी इन्सुलिन पाझरत्या माठाच्या गारव्यात कसं ठेवायचं, हे काका त्यावर दाखवतात.

इतरांच्या दवाखान्यात दत्तगुरू असतात. काकांची दैवतं वेगळी. इंजेक्शन भरता भरता पोथी सुरू होते. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेकनं कागदाची सुरळी करून बाईच्या छातीला लावली, तो पहिला स्टेथोस्कोप. ढाक्याच्या डॉक्टर चिश्तींनी शाम्पूच्या बाटलीत पाणी भरून न्यूमोनियाच्या पोरांना श्वास मिळवून दिला. "नळी पाण्यात जितकी खोल, तितका दाब! संपलं!" सगळ्यात लाडके हॉलंडचे कोल्फ. १९४३, देश जर्मनांच्या ताब्यात, आणि हा गृहस्थ सॉसेज भरायची सेलोफेनची नळी लाकडी पिंपाला गुंडाळून किडनी बंद पडलेल्यांचं रक्त धुतोय. "गोव्याचं चोरीस खाल्लंयस ना? त्याच्यावर असते तसल्या आकाराची नळी!" सुरुवातीचे जवळजवळ सगळे पेशंट गेले, हे सांगताना काकांचा आवाज खाली येतो. १९४५ साली एक बाई वाचली म्हणताना सुई हवेत थांबते. ती कधी टोचली गेली हे त्या नादात कळत नाही. हीही युक्तीच असावी, असा मला संशय आहे.

मध्यंतरी स्टॉपवॉच घेऊन ते पेशंटांच्या मागे फिरले. निम्मा वेळ केसपेपर शोधण्यात जातो असं निघालं. लगेच वाडीगणिक रंग ठरले: वरची वाडी लाल, खालची हिरवी. दोन महिने गोंधळ वाढतच गेला. मग कंपाउंडरनं खालमानेनं कबूल केलं, की त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. काका चिडले नाहीत. वहीत लिहिलं, "आधी माणसाला विचारावे." आता पेपरांवर आंबा आणि मासा आहे.

गोळ्यांच्या पाकिटांवरचे सूर्य आणि चंद्रही त्यातलेच. वाचता न येणाऱ्या माणसांची त्यानं मोठी सोय झाली. पण काकांचं समाधान होतं कुठे! त्यांनी गजराची डबी काढली आणि निम्म्या गावाला वाटली. रात्री आठचा गजर. कार्तिकात कीर्तन रंगलं होतं, बुवांनी आख्यान ऐन टोकाला आणलं होतं, आणि देवळात तीसेक डब्या एकदम किंचाळल्या. बुवा थबकले. श्रोत्यांनी शांतपणे गोळ्या काढल्या, तांब्या फिरला. मग बुवांनीही उपरण्याखालून आपली डबी काढली.

माझं तापाचं औषध त्या दिवशी राहिलंच. संध्याकाळी काका स्वतः घेऊन आले. गोळ्या दिल्या, कपाळाला हात लावला, चहा घेतला. उठताना नजर ओट्याकडे गेली.

"वहिनी, कुकरची शिट्टी दोन दिवस मिळेल का हो? आमच्या हिनं लपवून ठेवलीय."

आठवडा झाला. आमच्याकडे भात पातेल्यात शिजतो.