कानस आणि कानउघाडणी

निवृत्तीनंतर माणूस एकतर गीतेकडे वळतो, नाहीतर लोखंडाकडे. मी बोहरी आळीत जाऊन 4 इंची व्हाइस, 12 इंची हॅकसॉ, ग्राइंडर आणि व्हर्निअर असा संसार आणून बाल्कनीत मांडला. लेथचीही चौकशी करून ठेवली आहे. तो ठेवायला फक्त मोठं घर घ्यावं लागेल.

पहिलं काम ठरलं, लोखंडी ठोकळा कानशीने काटकोनात आणणे. आयटीआयची फिटरची पोरं सुरुवातीलाच हे शिकतात. मी आठवडाभर घासत होतो. गुण्या लावला की फटीतून उजेड दिसे. ती बाजू सरळ केली की शेजारची रुसे. 50 मिलिमीटरचा ठोकळा 41 वर आला. (माझं व्हर्निअर 0.02 मिलिमीटरपर्यंत मोजतं, तेव्हा आकडा खरा आहे.) हॅकसॉचं पातंही उलटं लावलं होतं म्हणे. दात पुढे हवेत, कारण करवत ढकलताना कापते.

खालच्या काकूंच्या पापडांवर कीस पडला, तेव्हा कानउघाडणी झाली. पापडांतून लोह मिळेल, हे बोलायचा धीर झाला नाही.

ठोकळा सध्या दाराला अडण म्हणून आहे. दार तरीही हलतं.