अकरा हजार तळी आणि शेकोटीला बंदी

इरिगेशन खात्यातून निवृत्त झालेला माणूस सहलीला गेला तरी पाणीच मोजतो. सोलापूरचे असेच एक साहेब सपत्नीक मुलाकडे मिनिआपोलिसला आले होते. मे महिना होता. मुलाने शनिवार-रविवारला जोडून रजा काढली आणि उत्तरेला तळ्यांवर जायचं ठरवलं. मिनेसोटा राज्यातल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकर आणि त्याहून मोठी तळीच भरतात ११,८४२. सरकारी आकडा खऱ्यापेक्षा कमी निघाल्याचं साहेबांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. शेजारचं विस्कॉन्सिन राज्य पंधरा हजारांवर तळी सांगतं, पण त्यांनी डबकीसुद्धा धरलीत, असा मिनेसोटावाल्यांचा आक्षेप आहे. हा आक्षेप ऐकून मात्र साहेबांना घरी आल्यासारखं वाटलं. पाझर तलावांच्या याद्या त्यांनी स्वतः तपासल्या होत्या.

मिनिआपोलिसहून डुलुथ अडीचशे किलोमीटर. निघताना ऊन असं की काकूंनी स्वेटर डिकीत तळाशी ठेवले, वर शिदोरी. डुलुथचा उतार लागला, खाली सुपीरियर सरोवर दिसलं आणि पाच-सात मिनिटांत गाडीतल्या काट्याने पंधरा अंश खाली उडी मारली. यात आश्चर्य काही नाही. हिवाळ्यात गोठणबिंदूला टेकलेलं एवढं पाणी मे महिन्यात कुठलं तापायला? त्याच्यावरून वारा आला की शहराचा खालचा भाग कुडकुडतो आणि टेकडीमागचा भाग अर्ध्या बाह्यांत फिरतो. ‘तळ्याजवळ गारवा’ हे तिथल्या हवामानवृत्ताचं वसंतातलं पालुपद आहे. काकूंनी सगळी शिदोरी रस्त्याकडेला उतरवली, स्वेटर काढले आणि मग ती पुन्हा भरली.

साहेब तोवर सरोवराकडे बघत मनात गुणाकार करत होते. सुपीरियरचं क्षेत्रफळ ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. पाणी सुमारे १२,१०० घन किलोमीटर. आपल्या भाषेत सव्वाचार लाख टीएमसीच्या वर. उजनी धरण भरून वाहतं तेव्हा ११७ टीएमसी.

“साडेतीन हजारांवर उजन्या झाल्या,” साहेब म्हणाले. “इथून एक कॅनॉल काढला तर...”

“बाबा, मधे अटलांटिक आहे.”

“मग लिफ्ट करावं लागेल.”

पुढे सरोवराच्या काठाकाठाने जाणाऱ्या ६१ नंबरच्या रस्त्यावर एक लाकडी अस्वल भेटलं. डोक्यावर टोपी, कमरेला पँट, हातात फावडं. हा स्मोकी. १९४४ पासून अमेरिकेच्या वनखात्याचा हा जाहिरातदार आहे आणि निवृत्तीचं नाव काढत नाही. त्याच्या शेजारी आगीच्या धोक्याची अर्धगोल तबकडी असते, हिरव्यापासून लाल रंगापर्यंत. त्या दिवशी काटा नारिंगीत होता. खाली शेकोटीबंदीची पाटी.

“एवढ्या पाण्याशेजारी?” साहेबांनी विचारलं.

“दुष्काळ आहे बाबा.”

या शब्दावर साहेबांचा व्यावसायिक अभिमान दुखावला. त्यांनी १९७२ पाहिला होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ते त्यांना वॅगनच्या आकड्यासकट पाठ होतं. दुष्काळ म्हणजे पैसेवारी पन्नासच्या आत, टँकर, चारा छावणी, पाहणीला आलेलं पथक आणि पथकाचं जेवण. इथे टँकर कुठाय? मुलाने फोनवर नकाशा काढून दाखवला. अमेरिकेत दुष्काळाचा नकाशा दर गुरुवारी निघतो. ‘असाधारण कोरडं’ इथपासून ‘अपवादात्मक दुष्काळ’ इथपर्यंत पाच पायऱ्या, प्रत्येकीला रंग. दर आठवड्याला निघणारा दुष्काळ साहेबांनी प्रथमच पाहिला. आपल्याकडे तो जाहीर होईपर्यंत बहुधा पाऊस येतो.

पण प्रकरण खरं होतं. उत्तरेकडच्या या जंगलात वणव्याचा एक धोकादायक काळ भर उन्हाळ्यात नसून वसंतातच असतो. एप्रिलमध्ये बर्फ वितळतं आणि खालचं मागच्या वर्षीचं वाळकं गवत, पाला, काटक्या उघड्या पडतात. बर्च आणि ॲस्पेनला अजून पानं नाहीत, त्यामुळे ऊन थेट जमिनीवर. हवा कोरडी, वारा जोरात, दिवस लांब. सदाहरित झाडं तरी ओली असतील म्हणावं, तर नवे कोंब फुटण्याच्या आधी त्यांच्या जुन्या सुयांतला ओलावा वर्षातला नीचांक गाठतो. सकाळी सर येऊन गेली तरी दुपारपर्यंत गवत पेटायला तयार. त्यात आधीचा हिवाळा बर्फाविना गेला असेल तर विचारायला नको. २०२३-२४ चा हिवाळा असाच गेला. बेअरग्रीजची कुत्र्यांच्या घसरगाड्यांची प्रसिद्ध शर्यत बर्फच नाही म्हणून रद्द करावी लागली. या राज्यात झाडोरा जाळायला परवाना लागतो. तो लागत नाही फक्त जमिनीवर तीन इंच बर्फ असेल तेव्हा.

साहेबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे साठा आहे, वितरण नाही,” ते म्हणाले. “आमच्याच खात्याची केस आहे.”

ग्रँड मराय गावातून गनफ्लिंट ट्रेल नावाचा रस्ता जंगलात शिरतो आणि ९० किलोमीटरवर कॅनडाच्या हद्दीपाशी संपतो. २००७ साली ५ मे रोजी याच भागात हॅम लेकच्या काठी एका शेकोटीतून वणवा सुटला. दोन्ही देशांत मिळून सुमारे ७५,००० एकर जंगल जळालं, शंभरावर इमारती गेल्या. मात्र ज्या घरांवर पाण्याचे फवारे बसवलेले होते आणि ते चालू होते, ती जवळजवळ सगळी वाचली. हे फवारे आले त्याचीही गंमत आहे. ४ जुलै १९९९ च्या वादळाने इथली लाखो झाडं आडवी केली. एवढं सरपण एक दिवस पेटणार, हे ओळखून रहिवाशांनी केंद्राच्या मदतीने पंप, नळ्या आणि फवारे बसवून घेतले. वणवा दिसला की पंप सुरू करायचा, तळ्यातलं पाणी छपरावर आणि आवारात पाडायचं आणि आपण निघून जायचं.

तुषार सिंचन छपरावर! साहेबांनी गाडी थांबवायला लावली. एका केबिनच्या कौलाच्या जागी असलेल्या पत्र्यावर खरोखरच नोझल होतं. अनुदानातून घेतलेली वस्तू जागेवर आहे आणि चालूही आहे, याचा त्यांनी फोटो काढून जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. एकाने विचारलं, “मोटार कोणाच्या शेतात आहे?”

मुक्कामी पोचले तर आवार गाड्यांनी भरलेलं. मासेमारीचा मोसम उघडणार होता. वॉलआय हा मिनेसोटाचा राज्यमासा. त्याच्या मोसमाची तारीख कायद्याने ठरते, मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून येणाऱ्या शनिवारच्या दोन आठवडे आधीचा शनिवार. हौशी लोक शुक्रवारी रात्री बाराच्या ठोक्याला गळ टाकतात. १९४८ पासून राज्याचे गव्हर्नरही या मुहूर्तावर होडीत बसतात. हवामानाला मात्र कायद्याची प्रत कोणी पाठवलेली नाही. २०१३ साली ११ मेला मोसम उघडला तेव्हा उत्तरेतल्या कितीतरी तळ्यांवर बर्फ होतं आणि लोक काठावर होड्या घेऊन उभे होते. २०२५ साली मोसम १० मेला उघडला आणि दुसऱ्याच दिवशी डुलुथच्या उत्तरेला ब्रिम्सनजवळ वणवा पेटला. त्यात घरं जळाली, वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या. अशा वेळी विमानं तळ्यावर उतरल्यासारखी करून पोटात पाणी भरून घेतात आणि उडतात. होडीवाल्यांनी तेव्हा मुकाट्याने काठाला लागायचं असतं, गळाला मासा असला तरी.

काकूंचं माहेर मालवणचं. मासा पकडण्यासाठी मध्यरात्री लोकर गुंडाळून बसणारी जमात त्यांना परकी नव्हती, फक्त बिनसमुद्राची ही धडपड त्यांना केविलवाणी वाटली. शनिवारी दुपारी शेजारच्या केबिनवाल्यांनी काठावरच्या जेवणाला बोलावलं. ताज्या माशाचे तुकडे आणि बटाटे तेलात तळायचे, तेही उघड्यावर, हा तिथला पक्का रिवाज. एरवी लाकडाच्या जाळावर होतो, बंदीमुळे गॅसवर आला होता. यजमान त्याबद्दल तीनदा दिलगीर झाले. काकूंनी पर्समधून मसाल्याची पुडी काढली, निम्म्या तुकड्यांना चोळली, आणि तेवढेच आधी संपले. त्यांनी निकाल दिला, “मासा गुणी आहे, काटे नाहीत. पण समुद्र बघितलेला नाही ना, त्यामुळे जरा भोळा लागतो.”

दुसऱ्या दिवशी बाउंडरी वॉटर्स. दहा लाखांहून अधिक एकरांचं हे राखीव रान, आत अकराशेच्या वर तळी, आणि बहुतेक ठिकाणी मोटरबोटीला मज्जाव. परवाना लागतो, एका गटात नऊच माणसं, खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या नेता येत नाहीत. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कनू, म्हणजे हलकी होडी, खांद्यावर उलटी घेऊन पायवाटेने चालायचं. ही वाट फुटात मोजत नाहीत, मीटरातही नाही. ती रॉडमध्ये मोजतात, एक रॉड साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढा. पाणी आटलं की ओढ्यांतून कनू जात नाही आणि चालणं वाढतं. २०२१ च्या दुष्काळात तर ऑगस्टअखेरीस वणव्यांमुळे हे सगळं रानच बंद करावं लागलं होतं.

कनू डोक्यावर घेतलेला मुलगा पुढे, वल्ही घेऊन साहेब मागे. “पाण्याखालून माणूस जाताना पाहिलाय,” साहेब म्हणाले, “पण होडीखालून चालत जाणारा पहिलाच.”

मे महिन्यात तिकडे जाणाऱ्यांनी लोकरी आणि सुती दोन्ही कपडे न्यावेत, एकाच दिवसात दोन्ही लागतात. शेकोटीबंदीची चौकशी निघायच्या दिवशी पुन्हा करावी, कारण ती रात्रीत बदलते, आणि गॅसची शेगडी जवळ ठेवावी. बंदी नसली तरी शेकोटी लोखंडी चौकटीतच लावावी आणि विझवताना राखेत हात घालता येईल इतकं पाणी ओतावं. लाइफ जॅकेट अंगात घालून बांधावं, उशाला घेऊ नये. वर ऊन कितीही असो, नुकतंच बर्फ वितळलेल्या तळ्याचं पाणी चार-पाच अंशांच्या आसपास असतं आणि त्यात पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत चालेनासे होतात.