टेललाइटला काजळ

आमच्या नांदेडात नवी गाडी पूजेचा नारळ फुटेपर्यंत कंपनीची असते, त्यानंतर घरातल्या पोरांची. भाच्यानं कार घेतली आणि पहिला हात घातला तो टेललाइटला. चांगली लालबुंद टेललाइट त्याला ‘स्मोक’ करायची होती.

कृती दिसायला सोपी. लेन्स शाम्पूनं धुवायची, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायची, कडेनं मास्किंग टेप, पत्र्यावर जुनी वर्तमानपत्रं, आणि मग काळ्या टिंटच्या स्प्रेचे वीतभर लांबून पातळ हात. वर क्लिअर कोट. पण डब्यावरच्या सूचना लिहिणाऱ्यानं नांदेडचा मे महिना पाहिलेला नसतो. भर दुपारी रंग लेन्सपर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळतो आणि रव्यासारखा बसतो. म्हणून संध्याकाळी मारावा, तर चिलटं येऊन चिकटतात. भाच्याच्या डाव्या दिव्यात तीन चिलटं क्लिअर कोटखाली अमर झाली आहेत.

“मामा, कसली खतरनाक दिसायलीय बघा!”

“मागच्याला दिसंल का पण?”

“ब्रेक मारल्यावर दिसतंय की!”

आता गंमत बघा. ऊस गाळपाच्या हंगामात लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं म्हणजे उसाच्या जोड ट्रॉल्यांच्या मागून जायचं. त्यांच्या मागं बहुधा दिवा नसतोच. म्हणून हंगाम सुरू झाला की पोलीस आणि कारखानेवाले रेडियमच्या लाल पट्ट्या घेऊन ट्रॉल्यांमागं लागतात. तिकडं अंधाराला लाल रंग चिकटवायचा खटाटोप, आणि इकडं आमचं लेकरू पदरचे पैसे घालून असलेला लाल काळा करतंय! फिलामेंटच्या बल्बपेक्षा टेललाइटमधली एलईडी सुमारे ०.२ सेकंद आधी पेटते. ताशी ८० च्या वेगात तेवढ्या वेळात गाडी साडेचार मीटर, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या लांबीइतकी पुढं जाते. इंजिनिअर मंडळींनी खपून मागच्यासाठी कमावलेली ही जागा भाच्यानं एका डब्यात उडवली.

काचांवरच्या काळ्या फिल्मवर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाचा बडगा आला, तेव्हा गावोगाव फिल्म ओरबाडली गेली. काचेची फिल्म निघते तरी. टेललाइटच्या रंगाला थिनर लावला की लेन्सच पांढुरकी पडते.

पुढं गाडी विकायला काढली. लातूरचं गिऱ्हाईक आलं, मुरलेलं. म्हणालं, “तुम्ही पुढं चालवा, मी मागून येतो. धूर सोडते का, डुलते का, ते मागूनच कळतं.” अंधार पडला होता. गावाबाहेर एक चक्कर झाली. गाडी थांबल्यावर गिऱ्हाईक काका घाम पुसत उतरले.

“गाडी बरीय. पण बाबा, तू ब्रेक मारतोस का नाही?”

“मारला की काका, तीनदा मारला.”