अळीची सोयरीक

ज्या शहराने १८७७ पासून कापसाच्या जिवावर गिरण्यांचे भोंगे वाजविले, चादरी विणल्या आणि टॉवेल परमुलखांत धाडले, त्या सोलापुराच्या शिवारात राज्य मात्र ज्वारी, ऊस व डाळिंब यांचे. कापूस आम्हांस भेटतो तो बहुधा सुताच्या रूपाने. म्हणूनच बीटी कापूस शेतकऱ्याला परवडतो काय, या वादात तटस्थपणे मत देण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेतला आहे. कारण ज्याच्या पदरचे काही जात नाही, त्याच्याइतका तटस्थ मनुष्य शोधूनही सापडावयाचा नाही.

२००२ च्या मार्च महिन्यात केंद्राच्या समितीने या वाणाला मंजुरी दिली आणि मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत बसविल्याने बोंडअळीचा कायमचा बंदोबस्त झाला, अशी दवंडी पिटली गेली. आरंभीची वर्षे खरोखरच सुगीची होती. अळीसाठीच्या फवारण्या घटल्या, आणि हेक्टरी सुमारे ३०० किलो असलेला रुईचा उतारा २००७-०८ पर्यंत ५५० किलोंवर गेला. या श्रेयाची वाटणी होताना गुजरातेतील बंधाऱ्यांचे पाणी आणि त्याच सुमारास आलेली नवी कीटकनाशके यांचीही नावे खातेवहीत चढावयास हवी होती. परंतु पाण्याला जाहिरात करता येत नाही.

त्या काळी बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कपाशीच्या बियांची १२० ग्रॅमची एक पुडी मिळे व ती शेताच्या कडेने पेरावी, असा हुकूम असे. या हुकुमामागील शास्त्र वस्तुतः विवाहशास्त्र होते: विष पचविण्यास शिकलेल्या एखाद्या पतंगाची सोयरीक साध्या झाडांवर वाढलेल्या नाजूक स्थळाशी जुळावी, आणि संतती पुन्हा विषाला बळी पडणारीच निपजावी. परंतु डोक्यावर सावकाराचे व्याज असलेल्या अल्पभूधारकाने अळीला आंदण म्हणून पिकाच्या ओळी तोडून द्याव्यात, हे त्याला पटवावयाचे कोणी? पुड्या उकिरड्यावर गेल्या. त्यातच चार बोंडे अधिक मिळावीत म्हणून हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून फरदड घेतली गेली, म्हणजे माघ उलटेपर्यंत अळीच्या पंगती चालूच राहिल्या. निरुपायाने तिने घरातल्या घरात सोयरिकी केल्या आणि अशी खणखणीत प्रजा वाढविली की, २०१० च्या सुमारास गुजरातेत पहिले जनुक आणि २०१७ साली महाराष्ट्रात दोन जनुकांचे नवे वाणही शेंदरी बोंडअळीने सुखाने पचविले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. येथे उपहासाची लेखणी खाली ठेवणेच बरे.

आता बियाण्याचा हिशेब. आमच्या मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेली मालदांडी ज्वारी शेतकरी कणगीत राखून पुढल्या रब्बीला पुन्हा पेरू शकतो. तिच्यापायी त्याला कोणाच्या दारी जावे लागत नाही. बीटी कपाशी आपल्याकडे आली ती संकरित वाणाच्या पोटी, आणि संकरिताचे बी राखून पेरले तर पीक एकसारखे येत नाही. तात्पर्य, अळी मेली काय किंवा जगली काय, दर मृगाला दुकानाची पायरी चढणे आलेच. प्रारंभी या पाकिटाला १६०० रुपयांहून अधिक मोजावे लागत. पुढे सरकारने भाव बांधून दिला, हे सरकारच्या जमेस धरू.

तेव्हा आमचा निवाडा असा: बागायतदाराला हा कापूस परवडला, कोरडवाहू शेतकऱ्याला पावसाने साथ दिली त्या साली परवडला, आणि विकणाऱ्याला प्रत्येक साली परवडला. जनुकाने हमी घेतली ती अळीची, आभाळाची व बाजारभावाची नव्हे. आणि अळीची हमीही सव्वा तपात संपली. रुईचा देशातील हेक्टरी उतारा आता ४५० किलोंच्या आसपास उतरला आहे. पाकिटाचा सरकारी भाव २०२५ साली ९०१ रुपये होता. उधारीने घेणाराला व्याज वेगळे.