पुढे अपग्रेड होतं हो!

कॉम्प्युटर विकताना दुकानदार एक वाक्य फुकट देतो. "पुढे अपग्रेड होतं हो, साहेब." या वाक्याची पावती मिळत नाही, वॉरंटी तर नाहीच. तरी खोक्यातला सगळ्यात टिकाऊ ऐवज तोच.

माझ्याकडे तो २०१० पासून आहे.

मशीन असेंबल्ड. जी४१ चिपसेटचं बोर्ड, ७७५ पिनांचं सॉकेट आणि त्यात दोन कोअरचा पेंटियम ई५४००. तेव्हा गल्लोगल्ली हाच माल जोडून मिळायचा. पाच-सहा वर्षं बरी गेली. मग मशीन सुरू करून चहा टाकायची सवय लागली. पुढे तेवढ्यात चहा पिऊनही होऊ लागला. शेवटी कप विसळून पालथा घातला तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं.

शहाणा माणूस अशा वेळी नवं घेतो. पुण्याचा माणूस आधी जुन्याची वसुली पुरती झाली का ते बघतो.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. म्हणजे मशीन बंद पडलं नाही, फक्त अनाथ झालं. घरात अनाथ मशीन असलं की कुठूनतरी एक भाचा उगवतो.

"मामा, तू झिऑन टाक," भाचा म्हणाला. "सर्व्हरचा असतो."

सर्व्हरचा! या शब्दापुढे मध्यमवर्गीय माणसाचं काही चालत नाही. सरकारी कंत्राटातलं सिमेंट आणि सर्व्हरमधला प्रोसेसर, दोन्ही स्वस्तात मिळाले की आपण चौकशी करत नाही.

झिऑन ई५४५०. चार कोअर, तीन गिगाहर्ट्झ, कॅश १२ एमबी. माझ्या पेंटियमची कॅश दोन एमबी. मोठ्या कंपन्यांनी जुने सर्व्हर भंगारात काढले की त्यांतले हे प्रोसेसर चीनमधून पोत्याच्या भावात जगभर पसरतात. मला एका बऱ्यापैकी थाळीच्या किमतीत पडला.

अडचण एकच. बोर्डाच्या सॉकेटला ७७५ पिना, आणि झिऑन बनलाय ७७१ च्या सॉकेटसाठी.

चार पिनांनी काय अडतंय? काही नाही. पण दोन बिंदूंची जागा उलटसुलट आहे, तिथे अडतं. त्यावर उपाय म्हणून नखाएवढं स्टिकर मिळतं, त्या दोन बिंदूंची अदलाबदल करणारं. शिवाय सॉकेटच्या कडेला प्लॅस्टिकची दोन टोकं असतात. चुकीचा प्रोसेसर बसू नये म्हणून कंपनीने मुद्दाम ठेवलेली. ती ब्लेडने छाटायची.

सुरक्षेसाठी केलेली सोय छाटून टाकली की अपग्रेडला सुरुवात झाली म्हणायची.

मग रविवारची दुपार, जेवणाचं टेबल, ट्यूबलाइट. हीटसिंक ओढून काढला तर खाली थर्मल पेस्ट वाळून जुन्या चुन्यासारखी झालेली. पंख्याच्या पात्यांवर पंधरा वर्षांची धूळ, अगदी कांबळ्यासारखी विणलेली. बायकोचा भुवयांचा चिमटा घेऊन स्टिकर लावलं. सॉकेटमधल्या पिना केसासारख्या बारीक. एक वाकली की बोर्डाचे दिवस घाला. श्वास रोखून झिऑन ठेवला, कोपऱ्यातला त्रिकोण जुळवला, खटका दाबला. हीटसिंकची चौथी खुंटी बसवताना बोर्ड पापडासारखं वाकलं आणि कट्कन वाजलं.

डिस्प्ले येईना.

अशा वेळी भारतीय तंत्रज्ञान कामाला येतं. रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्टीवर शाळेतलं खोडरबर घासलं, पुन्हा बसवली. एक बीप. डिस्प्ले आला! इतकी वर्षं झाली, या खोडरबराला अजून पर्याय निघालेला नाही.

चार कोअर दिसले. भाच्याने फोटो काढून त्याच्या ग्रुपवर टाकला. त्याला तेवीस अंगठे आले.

आणि विंडोज सुरू व्हायची वाट बघत मी चहा टाकला.

भाचा म्हणाला, आता विंडोज ११ टाकू, मग बघ. पण २४एच२ आवृत्तीपासूनची विंडोज ११ या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. पॉपसीएनटी नावाची एक सूचना तिला लागते, आणि ती झिऑनच्या या पिढीला येत नाही. ही सूचना करते काय? एखाद्या संख्येत 'एक' किती आहेत ते मोजते.

सर्व्हरचा प्रोसेसर. कॅश १२ एमबी. एक मोजता येत नाहीत.

बरं, माझं मशीन म्हातारं. त्याला नाकारलं तर समजू शकतो. पण ज्यांनी २०१७ साली खिसा रिकामा करून कोअर आय७-७७०० के घेतला, त्यांचं काय? विंडोज ११ आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये. अट अशी की इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. सातव्या पिढीतले बोटांवर मोजण्याइतके अपवाद सोडले तर बाकीचे बाहेर. त्यांत हा आय७ सुद्धा. पावणेपाच वर्षांत तो ज्येष्ठ नागरिक झाला.

मग त्याच बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर टाकावा की! सॉकेट तेच आहे, एलजीए ११५१. पिना तेवढ्याच, आकार तोच, खटका तोच.

चालत नाही.

डेस्कटॉपसाठीची आठवी पिढी ऑक्टोबर २०१७ मध्ये आली, तेव्हा इंटेलने सांगितलं की नवं ३०० मालिकेचं बोर्ड घ्या. कारण काय? जास्तीच्या कोअरना वीज जास्त लागते, म्हणून पिनांची मांडणी बदलली आहे. ठीक आहे, पटलं. मग काही उद्योगी मंडळींनी बायोसमध्ये, म्हणजे मशीनला जागं करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, फेरफार केले, दोन-चार बिंदूंवर चिकटपट्टी लावली, आणि तोच प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालवून दाखवला.

चिकटपट्टीने! इंजिनिअरिंगची अडचण चिकटपट्टीने सुटत असेल तर ती अडचण होती की दुकानदारी?

म्हणजे विंडोज म्हणतं आठवी पिढी आणा, आठवी पिढी म्हणते बोर्ड बदला, नवं बोर्ड म्हणतं माझी खाच तीच आहे बरं का. गिऱ्हाईकाने कुणाच्या दारात जायचं?

हा खेळ आजचा नाही. ४८६ प्रोसेसरच्या काळात बोर्डं विकली जायची ती "यात पुढे पेंटियम बसेल" असं सांगून. त्यासाठी वेगळं सॉकेटही असायचं. लोक थांबले. तो पेंटियम ओव्हरड्राइव्ह अवतरला १९९५ मध्ये, ६३ मेगाहर्ट्झचा. तोवर अस्सल पेंटियमची मशिनं बाजारात मुरली होती. वाट बघणाऱ्यांना वाट बघण्याचा अनुभव मिळाला.

तुम्ही म्हणाल, एएमडीचं नाव घ्या की. घेतो. त्यांनी एएम४ सॉकेट खरंच चालवलं. रायझन आले २०१७ मध्ये, आणि त्याच सॉकेटमध्ये बसणारा ५८०० एक्स३डी आला २०२२ मध्ये. पाच वर्षं एकच खाच! पण हे सगळं सुखासुखी झालं नाही. मे २०२० मध्ये त्यांनीही सांगून टाकलं होतं की पुढचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. कारण, बायोसची चिप लहान पडते. गिऱ्हाइकांनी बोंब मारली. पंधरवडा उलटायच्या आत कंपनी म्हणाली, चालतील.

चिप तेवढीच होती. बोंब मोठी होती.

पुढे जागा करायची म्हणून काही बोर्डांच्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांचा आधार काढला गेला. एसटीत बसायला जागा नसली की आधी चढलेल्यांना उतरवायचं, त्यातला हा प्रकार.

आणि बायोसची ती प्रसिद्ध गंमत. नवा प्रोसेसर चालायला बायोस नवं हवं. बायोस नवं करायचं तर मशीन सुरू हवं. मशीन सुरू करायला जुना प्रोसेसर हवा, आणि तो तुमच्याकडे नाहीच. किल्ली पेटीत, पेटीला कुलूप. शेवटी एएमडीला २०१८ मध्ये गिऱ्हाइकांना चक्क उसना प्रोसेसर पाठवायची सोय करावी लागली. बायोस बदला आणि परत करा. शेजाऱ्याकडून शिडी आणावी तसं. आता बऱ्याच बोर्डांना प्रोसेसरशिवाय पेन ड्राइव्हवरून बायोस बदलायचं बटण असतं. हे बटण बसवायला इतकी वर्षं का लागली, ते विचारायचं नाही.

स्वस्त बोर्डाची वेगळीच कथा. बोर्डाच्या यादीत प्रोसेसरचं नाव असतं, तो बसतो, सुरू होतो. पण १०५ वॉटच्या प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग उघडाबोडका, त्यावर हीटसिंकच नाही. तो तापला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे महागाचा घेतलेला वेग स्वस्तातलं बोर्ड गिळतं.

मग सगळंच नवं घ्यावं? जरूर घ्या. नवं बोर्ड म्हणजे नवी रॅम, कारण डीडीआर५ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही. आणि २०२५ सरता सरता रॅमचे भाव असे चढले की दुकानदार ते कागदावर लिहायला तयार होईनात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना मेमरी लागते म्हणे. त्यांची बुद्धी कृत्रिम, आपला भुर्दंड अस्सल.

असो. चहाकडे येऊ.

एवढा चार कोअरचा गडी बसवूनही मशीन ढिम्म का? कुणीही पाहिलं नव्हतं ते पाहिलं. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर आठ टक्के. डिस्क १०० टक्के. प्रोसेसर हातावर हात ठेवून बसला होता.

आत हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे घेणारी थाळी आणि तिच्यावर इकडून तिकडे पळणारी सुई. एक बारीकशी फाइल शोधायला तिला दहा मिलिसेकंद सहज लागतात. तेवढ्या वेळात तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तीन कोटी ठोके मोजतो. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक फाइली लागतात. आता सांगा, मी बदललं काय होतं? रांग खिडकीशी होती, मी साहेब बदलला होता.

मग एसएसडी, म्हणजे थाळी-सुई नसलेली डिस्क, आणली. आहे ते विंडोज जसंच्या तसं तिच्यावर उतरवलं. या बोर्डाची साटा, म्हणजे डिस्क जोडायची जागा, जुनी, त्यामुळे एसएसडीचा जवळपास निम्मा वेग वायाच जातो. तरी गॅस पेटवून आधण ठेवेपर्यंत डेस्कटॉप हजर.

मग मला खोड सुचली. झिऑन काढला आणि जुना पेंटियम परत बसवला. स्टिकर नाही, चिमटा नाही, खोडरबरही लागलं नाही. मशीन सुरू केलं. सदर टाइप केलं, बातम्या वाचल्या, बँकेचं पान उघडलं. फरक? सांगायलाच हवा तर आवाजात होता, पंखा जरा हळू फिरत होता. व्हिडिओ कापणाऱ्याला, फोटोंच्या थप्प्या उपसणाऱ्याला चार कोअर हवेतच, त्याबद्दल वाद नाही. मी आठवड्याला एक सदर लिहितो. त्याला दोन कोअर पुरतात, आणि संपादकांच्या मते एक उरतो.

आता त्यावर लिनक्स मिंट टाकलंय. भाच्याला हे अजून सांगितलेलं नाही. तेवीस अंगठ्यांचा प्रश्न आहे.

तुमच्याही घरी असं मशीन असेल. प्रोसेसरचे भाव विचारण्याआधी टास्क मॅनेजर उघडून बघा, रडतंय कोण ते. डिस्क रडत असेल तर ती बदला. रॅम भरली असेल तर ती वाढवा. खरोखर प्रोसेसरच थकला असेल तर बोर्ड बनवणाऱ्याच्या यादीत नव्या प्रोसेसरचं नाव शोधा आणि त्याला कितवं बायोस लागतं तेही वाचा. दुकानदाराचं तोंड वाचू नका.

झिऑन परत देता येईल का, विचारायला दुकानात गेलो. २०१० साली दुकानदार मला साहेब म्हणायचा. आता गल्ल्यावर बसणारा त्याचा मुलगा काका म्हणतो. त्याने झिऑन उलटा करून स्टिकर पाहिलं, हसला आणि माझ्याच हातात परत ठेवला. "काका, याला कोण घेणार?"

एसएसडीची पावती मात्र जपून ठेवली आहे. तिच्यावर तीन वर्षांची वॉरंटी छापलेली आहे.